कंदिलाभोवतीचं खळं

काकांनी आयुष्यात एकदाच माप खोटं केलं, आणि तेही कुणा गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःच्या बायकोसाठी. मला हे कळलं तेव्हा मावशीचे डोळे गेलेले होते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण आणि काका म्हणजे तिचे यजमान. त्यांना मूलबाळ नाही आणि माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी आपोआप त्यांची झाले. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. लोकांचे कोट, शाली, लोकरी कपडे येतात. कशाला कसर लागलेली असते, कशाला सिगारेटनं भोक पाडलेलं असतं. ते सगळं रफूला मावशीकडे जायचं. मावशी कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा उपसून काढायची आणि त्यानंच ते भोक उभं-आडवं विणून भरायची. एकदा एका गिऱ्हाइकानं दुकानात तमाशा केला, की तुम्ही माझा कोट बदललात, माझ्या कोटाला भोक होतं! त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. मावशीला सांगितलं तर ती दिवसभर हसत होती.

काकांचं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. किराणावाले, सोनार, भंगारवाले, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे काटे, सगळं त्यांच्याकडे यायचं. अरुंद खोली, भिंतीलगत लांब बाक, बाकावर तेलाची बुधली, आणि एका पेटीत मखमलीत बसवलेली पितळी वजनं. त्या वजनांना बोट लावायची कुणाची टाप नव्हती. ती फडक्यानं उचलायची. "बोटाच्या घामालासुद्धा वजन असतं," हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की काकांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायची. एकदा एक मटणवाला आला आणि म्हणाला, "काटा जरा माझ्या बाजूनं बोलता करा." काकांनी त्याचा काटा उचलून रस्त्यावर ठेवला आणि मागोमाग त्यालाही बाहेर काढलं. नीटनेटका, हट्टी आणि स्वतःच्या खरेपणावर जरा जास्तच खूश असा माणूस. हे मी आज रागावले आहे म्हणून लिहीत नाही. तेव्हाही त्यांच्या तोंडावर म्हणत होते.

मावशीचा त्रास सुरू झाला तो त्यांच्या घरासमोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसल्यावर. निदान तिचा हिशोब तसा होता. कान वाजायचे, झोप लागायची नाही, सकाळी डोकं दगडासारखं जड. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळ्यांचं म्हणणं एकच, की काही नाही. एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या. एकानं विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" त्याची पायरी मावशी पुन्हा चढली नाही. मग तिनं कुठून कुठून वाचून काढलं, चार लोकांना विचारलं आणि तिची खात्री झाली, की हा सगळा त्या लहरींचा प्रताप. टॉवरच्या, तारांच्या, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, शेजाऱ्यांच्या वायफायच्या.

काकांचा विश्वास बसला नाही आणि अविश्वासही नव्हता. "मोजल्याशिवाय मी काही बोलत नाही," एवढंच म्हणायचे. पण तिनं सांगितलं ते सगळं केलं, हे मी त्यांच्या बाजूनं मान्य करते. पलंग फिरवला. फ्रिज बाहेरच्या खोलीत नेला. खिडकीला बारीक तारेच्या जाळीचा पडदा लावला, आणि ती जाळी शिवताना हाताची चाळण झाली तरी तक्रार केली नाही. ती रात्री उठून बसली की तेही उठून बसायचे आणि विचारायचे, "कुठं होतंय? कानात की डोक्यात? कालच्यापेक्षा जास्त की कमी?" जणू तिच्या दुखण्याचा काटा लावत होते. मावशीला ते आवडायचं. मला एकदा म्हणाली, "डॉक्टर लिहून घेतात, हे ऐकून घेतात."

मग काकांनी एक मीटर आणला. साबणाच्या वडीएवढा, वर काचेआड सुई. भिंतीजवळ धरला की सुई उठायची, खिडकीपाशी नेला की ताडकन पलीकडे जायची. मावशी म्हणाली, "बघा! मी वेडी नाही." काकांना तर हर्ष झाला, कारण इतक्या दिवसांनी मोजायला काहीतरी हाती लागलं होतं. त्याच आठवड्यात ठरलं, की जिथं ही सुई निजून राहील तिथं जाऊन राहायचं. शहराबाहेर, खेड्यात, कुठंही.

घरं बघायला आम्ही रविवारी माझ्या कपड्यांच्या गाडीतून जायचो. पुढं मी आणि काका, मागं हँगरच्या दांड्याखाली स्टुलावर मावशी. दलाल लोकांना सवय असते, की गिऱ्हाईक पाणी विचारतं, रस्ता विचारतं, पूर्वेकडे दार आहे का बघतं. मावशी विचारायची, "विजेची मोठी लाइन किती लांब? शेजारी इंटरनेट आहे का? त्या टेकडीमागं काय आहे?" टोपी घालणारा एक दलाल होता. त्यानं एका टेकडीवर नेऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं, "ताई, इथं फुल रेंज येते!" मावशी एक शब्द न बोलता मागं फिरली आणि गाडीत जाऊन बसली. बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "दादा, जिथं तुमचा फोन लागत नाही म्हणून तुम्ही वैतागता ना, तिथलं दाखवा."

अशी जागा सहज मिळत नाही. ओढ्याकाठचं एक सुरेख घर बघितलं, तर मागून विजेवरची रेल्वे जात होती. एका ठिकाणी सुई जागची हलेना, म्हणून आनंदानं आत गेलो तर घराला छप्पर नव्हतं. एका ठिकाणी सगळं जमलं, घर मनात भरलं, आणि निघताना कळलं की शेजाऱ्यानं गुरांसाठी कुंपणात वीज सोडलीय. मावशी गाडीत बसून रडली. काकांनी तोवर दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं होतं, त्यांचे गुडघे बोलायला लागले होते, आणि प्रत्येक रविवार असा पाण्यात जात होता. आम्ही नाही नाही ते विचारलं. दवाखाना किती लांब, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

शेवटी त्या टोपीवाल्यानंच ते घर दाखवलं. दोन डोंगरांच्या मधली चिंचोळी जागा, दगडी भिंती, पुढं अंगण, मागं विहीर. बाजूला एक पडवी होती आणि तिच्यात दिवसभर सारखा, न हलणारा उजेड येत होता. काका त्या पडवीत जाऊन उभे राहिले आणि बाहेर येईनात. मला कळलं, त्यांनी मनात तिथं बाक मांडलासुद्धा. पण मावशीनं मीटर काढला आणि सुई अर्ध्यापर्यंत चढली. डोंगरात एक खिंड होती आणि तिच्या पलीकडच्या गावात टॉवर होता. मावशी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "किती छान आहे हो हे. आणि नको."

काका म्हणाले, "एकदा मोजून ठरवायचं नसतं. पुढच्या रविवारी परत येऊ."

पुढच्या रविवारी सुई जेमतेम थरथरली. खोलीत थरथरली, अंगणात थरथरली, खिंडीकडे तोंड करून धरली तरी तेवढीच. मावशीनं मीटर तसाच धरून मला मिठी मारली. टोपीवाला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, त्या दिवशी हवाच खराब होती!"

मधल्या आठवड्यात काकांनी मीटर उघडला होता आणि आतल्या तारेभोवती चंदेरी कागदाची पट्टी बेतानं गुंडाळली होती. सुई अगदी मारून टाकली नाही, कारण मेलेली सुई मावशीला खटकली असती. थोडी जिवंत ठेवली. असल्या कामात त्यांचा हात किती साफ होता हे मी वेगळं सांगायला नको. पुढे हे उघड झाल्यावर मी त्यांना विचारलं, "का केलंत?" म्हणाले, "मी थकलो होतो गं. आणि तिलाही ते घर हवं होतं."

इथपर्यंत मी त्यांना माफ करू शकते. खरंच करू शकते.

कारण मावशी तिथं बरी झाली. पहिल्या महिन्यातच रात्रभर झोपायला लागली. निजायच्या खोलीतल्या तारा तिनं काढून टाकल्या होत्या. संध्याकाळी त्या घरात कंदील लागायचा, एक तिच्याजवळ आणि एक काकांच्या पडवीत. बाकी घर अंधारात. मी पंधरवड्यानं रफूचे कपडे घेऊन जायची तर ती अंगणाच्या टोकापर्यंत पळत यायची. गालावर रंग आला, वजन वाढलं, शेंगांचे वेल लावले, गाणी म्हणायला लागली. मला म्हणाली, "डोक्यातला दगड कुणीतरी उचलून नेलाय बघ."

काका हे बघत होते. आधी त्यांना फक्त बरं वाटलं असेल. पण मोजणारा माणूस तो. त्यांना ठाऊक होतं, की लहरी होत्या तेवढ्याच आहेत, आणि बाई मात्र ठणठणीत झालीय. त्यांच्या लेखी हिशोब पुरा झाला. दुखणं नव्हतंच, सगळे मनाचे खेळ. हे ते कुणाला बोलले नाहीत, पण त्यांच्या वागण्यात उतरलं. पूर्वी ती "आज कसंसंच होतंय" म्हणाली की हातातलं काम टाकून जवळ यायचे. आता "हो का? पड जरा," म्हणायचे आणि कानस चालू ठेवायचे. वागणं अगदी गोड. लहान मुलाशी वागतो तसं.

खेड्यात एक शाळा होती आणि तिथं एकच बाई. तरुण, उत्साही, मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी खटपट करून शाळेच्या छपरावर इंटरनेटची तबकडी बसवून घेतली. योगायोग असा, की त्याच सुमाराला मावशीचं डोकं पुन्हा दुखायला लागलं. पण या वेळचं दुखणं वेगळं होतं. एका भुवईच्या वर ठणका लागायचा, बहुतेक संध्याकाळी, आणि झोपून उठली की थांबायचा. तिनं मीटर काढला. सुई नेहमीसारखी जेमतेम थरथरली. मावशी म्हणाली, "या यंत्राला कळत नाही. मला कळतंय."

मी त्या वेळी गेले होते तेव्हा तिनं मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "संध्याकाळी कंदील लावला ना, की त्याच्याभोवती खळं दिसतं. चंद्राला पडतं तसं, पण रंगीत. आतून जांभळं, बाहेरून तांबडं. आधी लहरी नुसत्या जाणवायच्या, आता दिसायला लागल्यात बघ."

तिच्या पाठीमागं काका चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मला त्या डोळा मारण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. त्याच खेपेला मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की मावशीचं रफू बिघडलंय, एका कोटावर धागा सरळ दोन घरं सोडून गेलाय, तिच्या चष्म्याचा नंबर तपासायला हवा. काका म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात. तिचं लक्ष नसतं हल्ली. त्या शाळेच्या तबकडीत अडकलीय ती."

मावशी स्वतः शाळेत गेली आणि बाईंना हात जोडून विनवलं. बाईंनी वाद घातला नाही. मुलांची समजूत काढली आणि तबकडी उतरवून ठेवली. नंतर काही दिवस मावशीला बरं वाटलं, त्यामुळे गावात सगळ्यांनाच पटलं, की मावशी म्हणत होती ते खरं होतं. काकांना मात्र त्यांचंच पटलं, की हे मनाचेच खेळ. मग ठणका पुन्हा सुरू झाला. एका संध्याकाळी मावशी म्हणाली, "खळं आज फार मोठं आहे हो. कंदीलच दिसत नाही." आणि मग डोळा धरून ओकायला लागली. काकांनी तिला निजवलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि पाठीवर हात फिरवत म्हणाले, "जाईल हं. लहरी आल्या तशा जातील."

हे वाक्य त्यांनी मला नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज अजिबात कापत नव्हता. मी तिथून उठून गेले.

दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला. तिसऱ्या दिवशीही. मी कपडे घेऊन पोचले तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. एक डोळा लालभडक, बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं. मी दारातून हाक मारली तर तिनं विचारलं, "कोण आहे?" मी कोटांच्या ढिगावरच तिला गाडीत झोपवलं आणि गाडी हाणली. काका शेजारी बसले होते आणि वाटेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण मीटर तर काही दाखवत नव्हता." मी म्हटलं, "मीटर गेला खड्ड्यात." त्या बाबतीत मी बरोबर होते, पण का ते मला ठाऊक नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. शांतपणे बोलत होत्या. काचबिंदू, म्हणाल्या. डोळ्यातलं पाणी आत तुंबतं, दाब चढतो आणि मागची नस मरते. "आधी डोकं दुखायचं का? दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसायची का?" मी हो म्हटलं. "हीच त्याची खूण असते. तेव्हा आणलं असतं तर छोट्याशा उपचारावर भागलं असतं." मग त्यांनी विचारलं, "घरात उजेड कसा आहे?" काका म्हणाले, "संध्याकाळी कंदील." डॉक्टर म्हणाल्या, "मंद उजेडात बाहुली मोठी होते. ज्यांना हा धोका असतो त्यांचा दाब तेव्हाच चढतो." एवढंच बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. काका भिंतीला हात लावून उभे राहिले. एक डोळा पूर्ण गेला. दुसऱ्यातली नसही हळूहळू मरत आली होती; त्यात दिवस आहे की रात्र आणि समोर कुणी हललं का, इतकंच उरलं.

मावशीला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काचबिंदू असेल, पण तो उगीच कसा झाला? त्या तबकडीनं दाब चढवला असणार." आम्ही कुणी वाद घातला नाही. वर तीच काकांची समजूत काढायची. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. मीच लहरी लहरी करत बसले, तुम्हाला तरी काय कळणार?" आणि काका तिच्या उशाशी मूग गिळून बसायचे. मला वाटायचं, दुःखानं बोलत नाहीत.

महिन्याभरानं मी तिला परत त्या घरी सोडायला गेले, तर शाळेच्या बाई भेटायला आल्या. दारातच त्यांना रडू फुटलं. म्हणाल्या, "आजी, माझ्या हातून झालं हे. पोरांना जग दाखवायला गेले आणि तुमचं जग घालवलं. मी बदली मागून घेतलीय. या गावात मला तोंड दाखवता येत नाही."

मावशीनं चाचपडत त्यांचा हात धरला. "तुम्ही पोरांसाठी केलंत. मुद्दाम का केलंत? पण बदली कशाला? त्या पोरांना कोण आहे?"

"नाही आजी, राहवत नाही आता."

काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. ते उठले, आत गेले आणि मीटर घेऊन आले. पेचकस काढला, मागचं झाकण उघडलं आणि ती चंदेरी पट्टी सोडवून बाईंच्या हातावर ठेवली. मग मीटर खिंडीच्या बाजूच्या खिडकीत धरला. सुई अर्ध्यापर्यंत गेली.

"बाई, बदली मागे घ्या," काका म्हणाले. "तुमच्या तबकडीनं काही झालेलं नाही. इथं लहरी पहिल्या दिवसापासून होत्या. हे घर मिळावं म्हणून मी माप खोटं केलं. आणि हिला इथं बरं वाटलं, तेव्हा मी धरून चाललो की हिला काही होतच नव्हतं, कधीच. हिनं कंदिलाभोवतीचं खळं सांगितलं. मी मनात म्हटलं, कंदिलात कसली वीज आलीय, म्हणजे हे सगळं हिच्या डोक्यातच आहे. कंदिलात वीज नाही, मग ते दिसतंय कशानं, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. हिचा डोळा माझ्यामुळे गेला."

बाई ती पट्टी टेबलावर ठेवून हळूच निघून गेल्या. (बदली त्यांनी मागे घेतली, हे नंतर कळलं.) मला इतका राग आला होता की मी काहीतरी भयंकर बोलले असते, पण मावशीनं हात वर केला. तिचा चेहरा काकांच्या दिशेला नव्हता, खिडकीच्या दिशेला होता. काका तिथून केव्हाच सरकले होते, ते तिला दिसलं नव्हतं.

"फसवलंत त्याचं मला काही नाही," ती खिडकीला म्हणाली. "घर मलाही हवं होतं. मला एवढंच सांगा. मी खळं दिसतंय म्हणून सांगायची, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात हसायचा?"

आयुष्यभर मापाला जागलेला माणूस तिथं एक शब्द खोटा बोलला असता तर चाललं असतं. मला तर तसंच वाटत होतं. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलंसुद्धा. नाही म्हणा, नाही म्हणा.

"हो," काका म्हणाले.

मावशी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "माझे कपडे भर गं."

ती त्याच दिवशी माझ्याबरोबर आली. ती आता माझ्या दुकानावरच्या खोलीत राहते. खिडकीसमोर टॉवर आहे, रस्त्यावर ट्रान्सफॉर्मर आहे, खाली दिवसभर यंत्रं फिरतात. तिला सगळं माहीत आहे, कारण मीच सांगितलं. ती काही बोलली नाही. हातांना सवय असल्यामुळे टॉवेल, चादरी सुरेख घडी करते. कापड बोटांनी चाचपून सांगते, "याला इथं कसर लागलीय," आणि भोक बरोबर सापडतं. भरायला मात्र आता दुसरी बाई आहे.

काका तिकडे एकटे असतात. मी त्यांना इकडे या म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मावशी त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. आठवण निघाली तर त्यांच्या पितळी वजनांच्या गोष्टीही सांगते. पण मध्यंतरी तिचा हात गरम इस्त्रीला लागला. तळव्यावर फोड आला, तो फुटला, चिघळला, आणि मला कळलं ते चादरीला डाग पडला तेव्हा. मी रागावले, "अगं, ओरडायचं तरी! सांगायचं तरी!" मावशी म्हणाली, "एवढं काही नव्हतं." मग मी लक्ष ठेवायला लागले. ताप आला तरी बोलत नाही. दाढ दुखत असते आणि ती एका बाजूनं चावत राहते. जी बाई एके काळी कान कुठल्या बाजूनं वाजतो हे रात्रीतून उठून सांगायची, ती आता विचारलं तरी 'ठीक आहे' एवढंच म्हणते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, दुखतंय का?" तर तिनं आधी मला विचारलं, "मी सांगितलेलं खरं धरतील का गं?"

काका रोज संध्याकाळी पोस्टातून फोन करतात. मावशी फोनवर येत नाही, म्हणून माझ्याशीच बोलतात. पहिला प्रश्न तोच असतो.

"आज काही होतंय म्हणाली का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, काका."

त्यानंतर ते फोन ठेवत नाहीत. मलाही ठेववत नाही.